बाईच्या मापाचा कपडा

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून काही जणींना थोडं ओशाळल्यासारखं होईल. होऊ द्या. आपण बायका कपड्यांवर तासन् तास बोलतो, साडीचा पोत, ब्लाउजचा गळा, कुर्त्याची उंची, सगळं बोलतो. पण जो कपडा सकाळपासून रात्रीपर्यंत अंगाला चिकटून असतो, त्याच्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. आईच्या पिढीत त्याला ‘बॉडी’ म्हणत, आता ब्रा म्हणतात. नाव बदललं, पण दोरीवर वाळत घालताना वर टॉवेल पसरायची सवय काही गेली नाही.

आपल्यासारख्या धडधाकट बायकांना ही लाज परवडते. पण जिच्या छातीत पेसमेकर बसवलाय, तिनं काय करायचं? बचत गटांच्या आणि आरोग्य शिबिरांच्या निमित्तानं माझं बायकांमध्ये सतत जाणं-येणं असतं. पेसमेकर बसवलेल्या बायका भेटतात. औषधं कुठली, तपासणी कधी, हे त्यांना पाठ असतं. मग सगळ्या उठून गेल्या की हळूच जवळ येतात आणि पदर सारून खांद्याखालची जागा दाखवतात. ब्राची पट्टी नेमकी त्या यंत्रावर येते, घासते, चुरचुरते. डॉक्टर पुरुष, दुकानदार पुरुष, घरी मुलगा आणि सून. सांगायचं कुणाला? मग कुणी ब्रा घालणंच सोडते, आणि त्याबरोबर बाहेर जाणंही सोडते. लग्नाला नाही, देवळात नाही, भिशीला नाही. हृदय चालू झालं, पण बाई घरात बसली!

अशा वेळी मला एका बाईची फार आठवण होते. तिनं आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली, की कपडा बाईच्या अंगाप्रमाणे व्हायला हवा, बाईनं कपड्याप्रमाणे नाही. तिचं नाव इडा रोझेंथल. मेडनफॉर्म ही जगप्रसिद्ध ब्रा कंपनी उभी करणाऱ्या इडाबाई. त्यांना जाऊन ५० वर्षांहून जास्त काळ लोटला. त्यांना स्वतःला काही पेसमेकर नव्हता. पण त्यांची गोष्ट ऐकली की आपल्या या अडचणीचं उत्तर बरंचसं सापडतं, म्हणून आज ती सांगते.

इडाचा जन्म ९ जानेवारी १८८६ चा. गाव राकोव, मिन्स्क शहराजवळचं. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता, आज बेलारूस देशात आहे. घर ज्यू. माहेरचं आडनाव कागानोविच. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक, पुस्तकात डोकं घालून बसणारे. संसाराचा गाडा ओढायची आई, तिचं छोटंसं किराणा-भुसाराचं दुकान होतं. नवरा पोथीत आणि बायको गल्ल्यावर, असं चित्र आपल्याकडेही काही कमी घरांत दिसत नाही. व्यवहार कसा करायचा, चार पैसे कसे राखायचे, याचे धडे इडाला घरातच मिळाले. शिवणकाम ती गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे उमेदवारी करून शिकली.

सोळाव्या वर्षी मुलगी पोलंडमधल्या वॉर्सा शहरात गेली. दिवसा शिवणकाम आणि उरलेल्या वेळात शिक्षण. ते दिवस झारशाहीच्या जुलुमाचे. ज्यू लोकांवर तर अधिकच संकट. तरुण पोरं-पोरी समाजवादी चळवळीत ओढली जात होती, त्यात इडाही होती आणि विल्यम रोझेंथल नावाचा तरुणही होता. दोघांचं जमलं. १९०५ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या धामधुमीत झारच्या सैन्यात भरती व्हायची वेळ आली, तेव्हा विल्यम अमेरिकेला निघून गेला. त्याच्या पाठोपाठ इडाही गेली. वय १९. अनोळखी देश, अनोळखी भाषा. हातात एक कला होती, तेवढीच. १९०६ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि न्यूयॉर्कच्या समोर, नदीपलीकडच्या होबोकेन गावात संसार मांडला.

त्या काळी अमेरिकेत आलेल्या गरीब मुली कपड्यांच्या कारखान्यांत राबायच्या. अंधाऱ्या खोल्या, बारा-बारा तास काम, वर मुकादमाची शिवीगाळ. इडानं ठरवलं, दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं नाही. तिनं हप्त्यानं सिंगरचं शिलाई मशीन घेतलं आणि घरातच शिवायला सुरुवात केली. हे वाचताना मला आपल्या गावोगावच्या किती तरी जणी आठवल्या. एक मशीन, दाराशी एक पाटी आणि त्यावर उभा राहिलेला संसार. १९०७ मध्ये मुलगा लुईस झाला, १९१६ मध्ये मुलगी बिॲट्रिस. बाळंतपणं, स्वयंपाक, गिऱ्हाइकं सगळं एकाच छपराखाली. काम वाढलं तसे हाताखाली कारागीर आले. १९१८ मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्क शहरात हलवलं.

इडाबाईंची उंची पाच फुटांनाही जरा कमीच. पण हात पक्का आणि नजर त्याहून पक्की. एनिड बिसेट नावाच्या बाईंचं न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर, बड्या वस्तीत, ‘एनिड फ्रॉक्स’ हे कपड्यांचं दुकान होतं. त्यांनी १९२१ च्या सुमाराला इडाबाईंना भागीदार व्हायचं बोलावणं दिलं. इडाबाईंनी साठवलेले पैसे त्यात घातले. आता गिऱ्हाईक श्रीमंत होतं, कपडे भारी होते. पण एक अडचण सारखी समोर यायची. कितीही सुरेख ड्रेस शिवा, बाईच्या अंगावर तो नीट बसायचाच नाही.

का बसायचा नाही? कारण त्या वेळची फॅशनच विचित्र. बाईनं मुलासारखं सपाट दिसावं, अशी टूम निघाली होती. त्यासाठी छातीवर एक रुंद पट्टी करकचून बांधायची, मागे हूक. अशा पट्ट्यांच्या एका कंपनीचं नावच मुळी ‘बॉइश फॉर्म’, म्हणजे मुलासारखा बांधा! कापड सरळ आणि बाई गोल. दोघांचं भांडण आणि जखमा बाईला.

ब्राचा शोध काही इडाबाईंनी लावला नाही, हे सांगायला हवं. दोन हातरुमाल आणि रिबन जोडून केलेल्या ब्राचं पेटंट अमेरिकेतच मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी १९१४ मध्ये घेतलं होतं. त्याच्या आधीही अनेकांनी काही ना काही केलं होतं. एनिड आणि इडा या दोघींनी वेगळं केलं ते असं, की ती सपाट पट्टी घेतली, मधोमध चुण्या घातल्या आणि दोन बाजूंना दोन वाट्यांसारखे भाग तयार केले. छाती दाबायची नाही, उचलून धरायची. आपल्याकडचे टेलर ज्याला कटोरी ब्लाउज म्हणतात, त्याच्यामागेही हाच विचार आहे. विल्यमना शिल्पकलेचा नाद होता, घडण कळायची. त्यांनी ते डिझाइन आणखी सुधारलं.

सुरुवातीला हा भाग ड्रेसमध्येच शिवलेला असायचा. मग ड्रेसबरोबर वेगळा फुकट देऊ लागल्या. बायका परत येऊन ड्रेस नको, नुसतं ते द्या, असं मागायला लागल्या. तेव्हा एक डॉलरला एक अशी विक्री सुरू झाली. ‘मुलासारख्या बांध्या’ला उत्तर म्हणून नाव ठेवलं ‘मेडन फॉर्म’, म्हणजे तरुणीचा बांधा. हे सगळं १९२२-२३ च्या सुमाराचं. थोड्याच वर्षांत ड्रेस मागे पडले, ब्राच पुढे आली आणि न्यू जर्सीतल्या बेयॉन गावी कारखाना उभा राहिला.

नवरा-बायकोनं कामं वाटून घेतली. डिझाइन आणि कारखाना विल्यमकडे. पैसा, विक्री, व्यापाऱ्यांशी घासाघीस इडाबाईंकडे. एकच बाई अख्खा नग शिवणार, त्याऐवजी एकीनं वाटी, दुसरीनं पट्टी, तिसरीनं हूक, अशी कामाची विभागणी त्यांनी केली. त्यामुळे माल भराभर तयार व्हायला लागला आणि दर नग सारखा निघायला लागला. पण मला विशेष वाटतं ते पुढचं. सगळ्या बायकांना एकच माप चालवून घ्या, असं यांनी म्हटलं नाही. अंगानं भरलेल्या बायकांसाठी वेगळी ब्रा, बाळाला पाजणाऱ्या आईसाठी वेगळी ब्रा, असे प्रकार विल्यमनी १९२० च्या दशकातच काढले. अंगावर पिणारं मूल आहे, तर त्या आईची गरज वेगळी, इतकी साधी गोष्ट. पण ती कुणाच्या तरी ध्यानात यावी लागते.

१९३० मध्ये या घरावर आकाश कोसळलं. ऐन तारुण्यातला मुलगा लुईस गेला. कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याच वेळी अमेरिकेत मंदीची लाट, कंपन्या पटापट बुडत होत्या. एनिडबाई तब्येतीमुळे कामातून बाजूला झाल्या. इडाबाईंनी दुःख गिळलं, काम धरून ठेवलं आणि कंपनी मंदीतून बाहेर काढली. मुलाच्या आठवणीसाठी पुढे बालवीरांच्या शिबिराला जागा दिली.

मग दुसरं महायुद्ध आलं. कापड, रबर, धातू सगळं सैन्याकडे. मेडनफॉर्मच्या कारखान्यात पॅराशूट शिवली जायला लागली. आणि आणखी एक गंमतशीर वाटणारं, पण फार मोलाचं काम आलं. त्या काळी लढाईत निरोप पोचवायला कबुतरं वापरत. पॅराशूटनं शत्रूच्या प्रदेशात उडी मारणारा सैनिक कबुतर नेणार कसं? तर ते छातीशी बांधून. पण बांधायचं असं, की त्याला इजा होता कामा नये. डिसेंबर १९४४ मध्ये मेडनफॉर्मनं सरकारशी २८,५०० कबुतर-बंड्या बनवण्याचा करार केला. कबुतराचं अंग तेवढं हळुवार धरलेलं, डोकं, पंखांची टोकं, पाय आणि शेपूट मोकळं. ब्रा शिवणाऱ्यांना हे काम का द्यावं? कारण नाजूक वस्तूला न दुखवता घट्ट कसं धरायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

युद्धानंतर १९४९ मध्ये त्यांची स्वप्नांची जाहिरातमाला सुरू झाली. जाहिरातीतली बाई स्वप्नात बाजाराला जाते, निवडणूक जिंकते, आग विझवते, आणि अंगात वर फक्त मेडनफॉर्मची ब्रा! पुष्कळांनी नाकं मुरडली. पण जाहिरात वीस वर्षं चालली. आज बघताना मलाही त्यातलं सगळं पटतं असं नाही. बाईची कर्तबगारी दाखवायला तिचे कपडे कशाला उतरवायचे? पण घरकामाखेरीज बाई आणखी काही करू शकते, हे निदान स्वप्नात तरी त्यांनी दाखवलं.

१९५८ मध्ये विल्यम गेले. इडाबाई तेव्हा ७२ वर्षांच्या. आपल्याकडे या वयात बाईला जपमाळ हातात घ्यायला सांगतात. त्यांनी कंपनीचा सगळा कारभार हातात घेतला.

आणि योगायोग बघा. त्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात जगात पहिल्यांदा एका माणसाच्या शरीराच्या आत पेसमेकर बसवला गेला. रुग्ण होते आर्ने लार्सन. त्यांचं हृदय वारंवार थांबायचं. त्यांची पत्नी एल्सा-मारी सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनीयर रुने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली, की काहीही करा, पण यंत्र बनवा. बनवलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण पुढे एकामागून एक यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. एका बायकोच्या हट्टानं एवढं झालं.

पुढे पेसमेकर लहान होत गेला. आज तो काड्यापेटीपेक्षाही पातळ असतो आणि वजन साधारण २० ते ३० ग्रॅम. बहुतेकदा डाव्या, कधी उजव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत त्याचा कप्पा करतात. वायरी न लागणारा, थेट हृदयात बसणारा पेसमेकरही आता निघाला आहे, पण तो सर्वांनाच चालत नाही. म्हणजे बहुतेक जणींच्या बाबतीत ते उंचवट्याचं यंत्र आणि ब्राची पट्टी यांची गाठ एकाच ठिकाणी पडते. आपल्याकडे तर त्यावर ब्लाउजचा शोल्डर, त्यावर डाव्या खांद्यावरचा पदर, पदराला पिन, वर पर्सचा पट्टा. यंत्र बनवणाऱ्यांनी आणि ब्रा बनवणाऱ्यांनी आपापलं काम चोख केलं, पण दोघांनी मिळून त्या एका बाईचा विचार कुणी केला नाही.

तर आता इडाबाईंच्या नजरेनं बघूया. मी डॉक्टर नाही. पण बायकांशी बोलून, डॉक्टरांना विचारून आणि टेलरकडे बसून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. वेळ असेल तर डॉक्टरांना सरळ सांगायचं, की माझ्या ब्राची पट्टी इथून जाते, कप्पा थोडा बाजूला घेता येईल का? रोज घालायची ब्रा घालून पट्टीची जागा पेनानं खूण करून दाखवायची. दर वेळी जमेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार कसं? स्वतःला संकोच वाटला तर नर्सबाईंना सांगा, मुलीला सांगा.

दुसरी गोष्ट पहिल्या काही आठवड्यांची. साधारण चार ते सहा आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, कारण आतली वायर जागेवर रुळायची असते. मग मागे हात पिरगाळून हूक लावायचं कसं? लावायचंच नाही. पुढून हूक असलेली मऊ सुती ब्रा घ्यायची. घालताना ऑपरेशनच्या बाजूचा हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. डोक्यातून ओढून घालायची घट्ट स्पोर्ट्स ब्रा या दिवसांत नको. जखम ओली असेपर्यंत ब्रा नसली तरी चालेल, सैल सुती बनियन किंवा शमीज पुरते. पण म्हणून हात अगदी गळ्यात बांधल्यासारखा ठेवू नका, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली साधी हालचाल चालू राहू द्यायची.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मापाची. आपला समज असा, की ब्रा खांद्याच्या पट्ट्यांवर लटकते. तसं नाही. छातीचं बहुतेक ओझं छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्यानं पेलायचं असतं. तो पट्टा सैल असला, की सगळा भार खांद्यावर येतो, पट्टी रुतते आणि यंत्रावरची कातडी सोलवटते. म्हणजे दुखतं खांद्याखाली, पण दोष असतो छातीखालच्या मापात! टेप घ्या, छातीच्या खाली सरळ आडवा लावून माप घ्या, मग छातीच्या भरलेल्या भागाचं घ्या. पट्ट्यात दोन बोटं जेमतेम शिरतील इतका तो बसला पाहिजे. हात वर करायची परवानगी मिळाली की हात वर करून बघा, पट्टा वर सरकला तर माप मोठं आहे. वय वाढतं, वजन बदलतं, तसं मापही बदलतं. लग्नातलं माप पन्नाशीत चालत नाही.

चौथी गोष्ट पट्टीची. बारीक दोरीसारखी पट्टी नको, रुंद आणि मऊ हवी, म्हणजे दाब पसरतो. पट्टी यंत्राच्या कडेवर येत असेल, तर ती उसवून गळ्याच्या बाजूला किंवा खांद्याच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर सरकवता येते. शिवणकाम येणारी कुठलीही बाई हे अर्ध्या तासात करून देईल. पाठीत एकमेकींजवळ येणाऱ्या पट्ट्यांची ब्राही काही जणींना सोयीची पडते. पट्टीखाली जुन्या मऊ धोतराची किंवा फ्लॅनेलची घडी शिवून टाकली, तर घामही टिपला जातो आणि घासणंही थांबतं. रोज धुता येईल अशी दोन-तीन घड्या करून ठेवा. ब्लाउज शिवताना टेलरला आत अस्तर लावायला आणि शिवण यंत्रावर येणार नाही असं बघायला सांगा. पदराची पिन आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्या. उजव्या खांद्यावर गुजराती पद्धतीनं पदर घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही.

पाचवी गोष्ट, काळजी कशाची करायची आणि कशाची नाही. ब्रातल्या तारेनं पेसमेकर बंद पडेल, अशी भीती अनेकींना असते. ती साधी तार असते, तिनं यंत्राला काही होत नाही. टोचत असेल तरच काढून टाका. पण लोहचुंबकाचं मात्र सांभाळायचं. काही ब्रांना, ब्लाउजना आणि गळ्यातल्या साखळ्यांना हल्ली चुंबकाचा फासा असतो. तो यंत्राजवळ येऊ द्यायचा नाही. आणि मोबाइल! ब्लाउजमध्ये मोबाइल खोचायची आपली सवय काही नवी नाही. पेसमेकर असलेल्या बाईनं तो तिथे अजिबात ठेवायचा नाही. मोबाइल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांब हवा. बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शनच्या शेगडीपासूनही दोन फूट अंतर ठेवायला सांगतात. गॅसच्या शेगडीला अशी अडचण नाही.

आणि एक सांगायचंच. त्या जागेची कातडी लाल झाली, गरम लागली, सुजली, पाणी किंवा पू आला, कातडी पातळ होऊन यंत्राची कड दिसायला लागली, किंवा ताप आला, तर हळद-तेल लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पट्टी घासून झालं असेल असं समजून अंगावर काढणं धोक्याचं आहे. उंचवट्याशी बोटांनी चाळा करायचा नाही, तो हलवून बघायचा नाही. क्वचित यंत्र आत फिरून वायर ओढली जाते.

दुकानाचं काय, असं तुम्ही विचाराल. छोट्या गावात घालून बघायची सोय नसते, काउंटरवर बाप्या माणूस असतो. मग चार-पाच जणींनी मिळून जा. दुपारी, गर्दी नसताना जा. मापं कागदावर लिहून न्या, म्हणजे तोंडानं सांगावं लागत नाही. बदलून द्याल का, हे आधी विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या एका बचत गटात शिवणकाम करणाऱ्या बायकांनी आता रुंद पट्टीची, पुढून हूक असलेली सुती ब्रा शिवायला घेतली आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर बघून, विचारून, मग कात्री चालवतात. घरगुती मशीनवर बसून इडाबाई दुसरं काय करत होत्या?

इडाबाईंचं पुढचं सांगायचं राहिलं. पंचाहत्तरी उलटल्यावरही त्या रोज कामावर जात. १९६३ मध्ये अमेरिकन उद्योजकांच्या एका पथकाबरोबर त्या सोव्हिएत रशियाला जाऊन आल्या. ज्या मुलखातून १९ वर्षांची मुलगी होऊन बाहेर पडल्या होत्या, तिथं ७७ व्या वर्षी कारखानदारीतल्या जाणकार म्हणून गेल्या. १९६६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि काम थांबलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्या वारल्या. वय ८७. कंपनीची धुरा १९६८ पासूनच मुलगी बिॲट्रिस हिच्याकडे गेली होती. आज कंपनी त्या घराण्याकडे राहिलेली नाही, नाव मात्र टिकून आहे.

इडाबाई काही संत नव्हत्या. धंदा करणाऱ्या बाई होत्या, नफा-तोटा बघणाऱ्या होत्या. पण ड्रेस नीट बसत नाही म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवली नाहीत. त्यांनी कपडा उसवला. आपण नेमकं उलटं करतो. कपडा टोचला, तर आपलंच काही चुकलंय असं वाटून गप्प बसतो. पेसमेकर बसवणं म्हणजे लाजेची गोष्ट नाही आणि त्यावर पट्टी घासते हे सांगणं त्याहून नाही. तुमच्या घरात, शेजारी, भजनी मंडळात अशी कुणी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याकडे जा. टेप आणि सुई-दोरा बरोबर न्या. पट्टी दोन सेंटिमीटर सरकवली म्हणून जर ती उद्या देवळात यायला लागली, तर यापेक्षा मोठी समाजसेवा ती कुठली?